लॉगबुकातून पुस्तक: स्कायडायव्हरने स्वतः छापताना

आधी लॉगबुक, म्हणजे उड्यांची नोंदवही, उघडा. उडीचा क्रमांक, तारीख, विमान, किती उंचीवरून बाहेर पडलात, पॅराशूट कुठे उघडलं, एवढ्यावर घटनाक्रम पक्का होतो. पण प्रत्येक उडी लिहायला बसू नका. वाचक तिसऱ्या उडीलाच कंटाळतो. 13,000 फुटांवरून पोटावर पडताना फ्रीफॉल (पॅराशूट उघडण्याआधीचं मोकळं पडणं) जेमतेम 60 सेकंदांचा, वेग ताशी साधारण 200 किलोमीटर. तेव्हा दारातला वारा, उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरचा फिरता काटा, पीळ पडलेल्या दोऱ्या, असलं जवळून दिसलेलं लिहा.

खरा घोळ मुखपृष्ठावर होतो. हेल्मेट कॅमेऱ्याच्या व्हिडिओतली फ्रेम स्क्रीनवर झकास दिसते. छापायला मात्र 300 डीपीआय, म्हणजे दर इंचाला 300 ठिपके, लागतात. 4के फ्रेमची उंची 2160 पिक्सेल, म्हणजे फक्त 7.2 इंच. 6 बाय 9 इंचांच्या पुस्तकासाठी ती ताणली की चेहरे फुटतात. त्यापेक्षा 12 मेगापिक्सेलचा सुटा फोटो वापरा. तिन्ही बाहेरच्या कडांना 3 मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा छापील भाग, ठेवा. पुस्तकाच्या कण्याची जाडी पानं आणि कागद ठरल्यावरच काढा, नाहीतर कण्यावरचं नाव एका बाजूला घसरतं (हे हमखास होतं). छापील आणि ई-आवृत्तीला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) वेगळे. फोटोत दिसणाऱ्या सोबत्यांची परवानगी लेखीच घ्या.