तरुण पेशंटसोबत कॅन्सरच्या ओपीडीत जाताय? कुणी, काय, कसं बोलायचं

माझ्या धाकट्या भावाला एकोणिसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, निघाला. पहिल्या ओपीडीत डॉक्टर बाबांशी बोलत होते, बाबा माना डोलावत होते, आणि ज्याच्या मानेत गाठ होती तो बाजूच्या स्टुलावर बसून फाईलची नाडी बोटाला गुंडाळत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "ताई, नक्की काय म्हणाले गं?" मलाही धड सांगता आलं नाही. मग ठेचा खात खात जे शिकलो ते लिहितेय.

१. आधी पेशंटला विचारा. "त्याला सांगू नका, खचेल" हे आमच्याकडेही झालं. पण अठराच्या पुढे संमतीच्या फॉर्मवर सही त्याचीच लागते, आणि तुम्ही लपवलंत तरी फाईलवरचं आजाराचं नाव मोबाईलवर टाकून तो रात्री दोनला एकटा वाचत बसतो, त्यापेक्षा सरळ विचारा, तुला सगळं ऐकायचंय, थोडं थोडं, का मी ऐकून नंतर सांगू? महिन्याभराने परत विचारा, उत्तर बदलतं.

२. आदल्या रात्री वहीत तीन प्रश्न लिहा, तीनच, कारण बाहेर शंभर माणसं थांबलेली असतात. पहिला प्रश्न पेशंटचा. समोरच्या खुर्चीत त्याला बसवा आणि म्हणा, "डॉक्टर, त्यालाच सांगा, आम्ही ऐकतो." एवढ्या एका वाक्याने आमच्या पुढच्या सगळ्या व्हिजिट बदलल्या, खरंच.

३. जे कळलं ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. आम्ही केमोच्या सहा सायकल म्हणजे सहा वेळा यायचं असं धरून बसलो होतो, पण एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोत एका सायकलमधे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन डोस असतात, म्हणजे बारा वेळा! सातव्या वेळी त्याचा पडलेला चेहरा अजून आठवतो. आणि डे केअरच्या, म्हणजे जिथे केमो देतात तिथल्या, सिस्टरशी बोलत जा. त्यातल्या लाल औषधाने एखाद दिवस लघवी लाल होते, घाबरू नका, हे आम्हाला सिस्टरनेच सांगितलं.

४. पाच मिनिटं बाहेर जा. हे सगळ्यात अवघड, आईला तर फार जड गेलं. पण काही केमोंमुळे पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते, त्यासाठी वीर्य किंवा स्त्रीबीजं गोठवून ठेवायचा विचार शक्यतो केमो सुरू व्हायच्या आधीच करावा लागतो, आणि आईबाबांसमोर कुठला पोरगा किंवा पोरगी हे विचारेल? सिगारेट, दारू, गर्लफ्रेंड, तेही तसंच. घरी पपईच्या पानांचा रस, काढा काही देत असाल तर ते मात्र तुम्हीच डॉक्टरांना सांगा, रागावतील म्हणून लपवू नका.

५. तापाचं आधीच ठरवून ठेवा. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा ताप १००.४ फॅरनहाइटला गेला की सकाळची वाट बघायची नाही, स्वतःच्या मनाने क्रोसिनही द्यायची नाही, ताप झाकला जातो. रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, कुठल्या कॅज्युअल्टीत जायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून कागद फ्रीजवर लावा.

६. नातेवाईकांना खबर एकाच माणसाने द्यायची, आणि काय सांगायचं ते पेशंटला विचारून. मित्रांनो, "स्ट्राँग राहा" नका म्हणू, "येऊ का? नुसता मॅच बघू" म्हणा.

७. पेशंटला घरच्यांशी बोलवत नसेल तर हॉस्पिटलच्या मेडिकल सोशल वर्करला गाठा. मुंबईत लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्यांचा 'उगम' नावाचा ग्रुप आहे, इंडियन कॅन्सर सोसायटीचा. अशा बऱ्या झालेल्या कुणाशी बोलायचं का, हे त्यालाच ठरवू द्या. माझ्या भावाने दोन महिने नको नको केलं, मग एका रात्री अशाच एका दादाला स्वतःहून फोन लावला आणि दार लावून तासभर बोलत होता. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.