मॉरिसच्या इंजिनाचा खरा हिरवा

मॉरिस मायनर १००० या जुन्या ब्रिटिश मोटारीचं ९४८ सीसी इंजिन कारखान्यातून हिरवं यायचं. आमच्याकडच्या इंजिनावर मात्र कुणीतरी सिल्व्हर फासला होता (जुन्या इंजिनाला सिल्व्हर मारायची ही खोड कुठून आली, देव जाणे). मूळ छटा शोधायला फोटोंवर भरवसा नको. प्रत्येक स्क्रीनवर हिरवा वेगळाच दिसतो. शेवटी डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारं जनित्र) उतरवला. त्याच्या मागे ब्रश पोचलाच नव्हता. तेलाचा चिकट थर रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसला, तर नखाएवढा गडद हिरवा तुकडा शाबूत! एक्झॉस्टच्या (धूर बाहेर पडतो त्या) बाजूचा नमुना घेऊ नका, उष्णतेने तिथला रंग काळवंडतो. रंगवाल्याने उष्णता सोसणाऱ्या इनॅमलमध्ये छटा मिसळली. पत्र्याच्या तुकड्यावर मारून, पूर्ण वाळवून, मगच उन्हात जुळवली. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांना) रंग लावला नाही.