नाणी मोजायच्या मशीनचा घोळ असा सुटला
घरातलं नाणी वेगळी करायचं मशीन दोन दिवस सारखं अडकत होतं आणि मोजणीही कमी दाखवायचं, मला वाटलं मोटरच गेली. आधी प्लग काढला (हे विसरू नका), वरचं भांडं रिकामं केलं आणि फिरणारी चकती उचलली तर खाली एक वाकडं नाणं तिरकं रुतून बसलेलं, कडेला काळपट चिकट थर. नाणं काढल्यावर अडकणं थांबलं पण आकडा चुकतच होता. मग सेन्सर (प्रकाशावरून नाणी मोजणारा भाग) बघितला, त्याच्या काचेवर धूळ, म्हणजे प्रकाश नीट पोचत नाही आणि नाणं गेलेलं त्याला कळतच नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (पटकन उडून जाणारं सफाईचं द्रव) कापूस भिजवून हलकेच पुसलं, पूर्ण सुकू दिलं, पन्नास नाणी हाताने मोजून टाकली, बरोबर पन्नास आली! आता चिकट नाणी आधी धुऊन सुकवूनच टाकते.