ल्युपसमध्ये रक्ताचे रिपोर्ट कसे पाहावेत

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. त्याचं निदान पक्कं झालं, की एएनए ही रक्तातली स्वतःविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी चाचणी पुन्हा पुन्हा करू नका. ती निदानाची चाचणी आहे. आजार शांत झाला तरी ती बहुतेकांची पॉझिटिव्हच राहते. ते पैसे अँटी-डीएसडीएनए, सी३ आणि सी४ साठी ठेवा.

शरीराने स्वतःच्याच डीएनएविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं म्हणजे अँटी-डीएसडीएनए. ती वाढली, की डीएनएशी जोडून त्यांचे पुंजके बनतात आणि त्यात सी३, सी४ ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं खर्च होतात. म्हणून एक चढतंय आणि दुसरं उतरतंय, अशी जोडी दिसली तर सावध व्हा, विशेषतः मूत्रपिंडासाठी. समजा सी३ मार्चमध्ये ११०, जूनमध्ये ९६ आणि सप्टेंबरमध्ये ८२ आलं. लॅबची मर्यादा ९० ते १८० असेल, तर पहिले दोन्ही रिपोर्ट 'नॉर्मल' छापून येतील. पण घसरण जूनमध्येच सुरू झाली होती. म्हणून वहीत तारीख, आकडा, लॅबचं नाव आणि त्या दिवशीचा स्टेरॉइडचा डोस लिहा. काहींचं सी४ जन्मतःच कमी असतं, त्यांनी सी३ कडे जास्त पाहावं. गरोदरपणात सी३ मुळातच वाढतं, तेव्हा 'नॉर्मल' आकडाही डॉक्टरांना दाखवा.

लॅब बदलू नका. अँटी-डीएसडीएनए मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका लॅबचा आकडा शाहूपुरीतल्या दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून उपयोग नाही. नमुना बाहेरगावी जाणार असेल, तर थंड पेटीतून जातो का आणि कधी निघतो, हे आधी विचारा. मे महिन्याच्या उन्हात तासन्‌तास राहिलेल्या नमुन्यावरचं सी३, सी४ भरवशाचं नसतं. या चाचण्यांना उपाशीपोटी जावं लागत नाही. गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्यांनी खुशाल खाऊन निघावं.

ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या. ईएसआर वाढलंय पण सीआरपी साधारण आहे, असं ल्युपस भडकल्यावर बऱ्याचदा दिसतं. ताप असून सीआरपी खूप वाढलं असेल, तर आधी जंतुसंसर्ग शोधावा लागतो. (सांधे किंवा छातीचं आवरण सुजलं तरी ते वाढतं.) सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी ४ हजारांखाली किंवा प्लेटलेट १ लाखाखाली गेल्या, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका. स्टेरॉइडने पांढऱ्या पेशी वाढतात, हेही ध्यानात ठेवा.

सर्वांत दुर्लक्षित, पण सर्वांत मोलाची तपासणी लघवीची! लघवीतून किती प्रथिन जातंय हे सांगणारं प्रोटीन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५ च्या वर गेलं, तर मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर नको. तिथे दुखत नाही, म्हणून कळत नाही. सकाळची पहिली लघवी लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या, लोणच्याच्या धुतलेल्या बाटलीत नको. दोन तासांत पोहोचवा, पाळीच्या दिवसांत टाळा.

आजार सक्रिय असताना डॉक्टर साधारण दर महिन्याला, शांत असताना दर तीन महिन्यांनी या तपासण्या सांगतात. फक्त अँटी-डीएसडीएनए, सी३, सी४ चे आकडे बिघडले, पण लघवी, पेशी ठीक आणि अंगात काही त्रास नाही, असंही होतं. तेव्हा बहुधा गोळ्या वाढत नाहीत, पाळत वाढते. आणि रिपोर्ट चांगला आला म्हणून स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. अचानक थांबवल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकतो.