ठाण्यात नवे आलात? खोलीबरोबर चर्चही शोधा

गावाकडून ठाण्यात किंवा नवी मुंबईत शिकायला, नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती पोरापोरींना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते. खोली, मेस आणि लोकलचा पास यांच्यासोबत चर्चही पहिल्या महिन्यातच ठरवा. ‘जरा सेटल झाल्यावर बघू’ म्हणणारे पुढे फक्त नाताळला दिसतात, तेही शेवटच्या बाकावर.

मी नगरची. बी.एस्सी. करून रबाळ्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये लागले आणि ऐरोलीत मैत्रिणींबरोबर खोली घेतली. नगरला अमेरिकन मराठी मिशन आलं 1831 मध्ये. तिथे ख्रिस्ती असण्याचं कुणाला नवल नाही. आमच्या घराची चर्चमधली बाकाची जागासुद्धा ठरलेली. पण तिथे मी कायम ‘सरांची धाकटी’. कॉलेज संपलं तरी पाळकसाहेब (आमच्या चर्चचे धर्मगुरू) माझ्यासाठीचा निरोप वडिलांकडे द्यायचे. ठाण्याच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, उपासनेनंतर एका काकूंनी चहाचा कप हातात देत नाव विचारलं, आणि पुढचा प्रश्न ‘कोणाची गं तू?’ हा नव्हता. ‘काय येतं तुला? गाणं, पेटी, पोरं सांभाळणं?’ असा होता. त्या प्रश्नावर माझी पुढची काही वर्षं छान गेली.

चर्च शोधताना आधी एवढं समजून घ्या की इथलं ख्रिस्ती जग एकसारखं नाही. मला वाटायचं मुंबईकडचे ख्रिस्ती म्हणजे सगळे गोव्याचे. लॅबमधली एक मैत्रीण चेंदणीची, घरात अस्सल मराठी, आडनाव मात्र पोर्तुगीज. ती ईस्ट इंडियन. हे इथले भूमिपुत्र कॅथलिक. 1887 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी त्यांनी हे नाव घेतलं. तिनेच मला तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च दाखवलं आणि सांगितलं की 1321 मध्ये याच ठाण्यात चार फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या संघातल्या) धर्मबंधूंना मारलं गेलं होतं. म्हणजे पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी. नगरला आम्ही दोनशे वर्षांच्या परंपरेचा तोरा मिरवतो, तो तिच्यासमोर जरा आवरला.

प्रोटेस्टंटांमध्येही प्रकार आहेत. ठाण्याचं सेंट जेम्स इंग्रजांच्या काळातलं, 1825 मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते समर्पित झालेलं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली आणि अँग्लिकन, मिशनच्या मंडळ्या वगैरे एका छत्राखाली आल्या. त्यामुळे नगर, सोलापूरकडून आलेल्या पोरांना इथे फार परकं वाटत नाही. फक्त कधी उभं राहायचं आणि कधी गुडघे टेकायचे ते दोन रविवार शेजारच्याकडे बघून करावं लागतं. नवी मुंबईत मल्याळी, तमीळ, तेलुगू, इंग्रजी उपासना भरपूर, आणि कितीतरी मंडळ्या शाळेच्या हॉलमध्ये भरतात. इमारतीवरून चर्च ओळखायची सवय असेल तर ती सोडा. उपासना कोणत्या भाषेत आणि किती वाजता, हे आधी फोन करून विचारा. एका आवारात सकाळी इंग्रजी आणि नंतर मराठी असाही क्रम असतो.

घरून निघताना तुम्ही मंडळीचे सभासद असल्याचं पाळकसाहेबांचं पत्र घ्या. फोटोकॉपी नको, सहीशिक्क्याचं. पुढे लग्नाच्या वेळी कागद शोधत फिरण्यापेक्षा ते सोपं.

आणि रविवारचा मेगाब्लॉक! ट्रान्सहार्बर लोकल 2004 मध्ये सुरू झाली म्हणून ऐरोलीहून ठाणं जवळ आलं, पण देव आणि रेल्वे दोघांनाही रविवारच लागतो. शनिवारी रात्री ब्लॉकची बातमी बघून झोपायचं, नाहीतर बस. माझं अर्धं चर्चजीवन खांद्याला डबा लटकवून ठाणे स्टेशनच्या पुलावर गेलंय.

आता खरी गोष्ट. नुसतं येऊन बसलात, प्रार्थना झाली की निघालात, तर वर्षभरानंतरही लोक ‘आज पहिल्यांदाच का?’ विचारतील. त्यात त्यांचा दोष नाही. मोठ्या शहरातल्या मंडळीत लोक सतत येत-जात असतात. चेहरा लक्षात राहतो तो काम करणाऱ्याचा. म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी अंगावर घ्या. गळा नसेल तर खुर्च्या लावा, प्रोजेक्टरवर गीतांचे शब्द पुढे ढकला. मला संडे स्कूलची लहान मुलं दिली. सात-आठ वर्षांच्या पोरांना बायबलमधल्या योनाची गोष्ट सांगताना ‘माशाच्या पोटात त्याला रेंज होती का?’ असं विचारलं जातं, आणि तोंड सरळ ठेवून उत्तर द्यावं लागतं. पुढे कंपनीत ऑडिटरसमोर उभं राहायची वेळ आली तेव्हा इतर मुली घाबरल्या होत्या. मला त्या ऑडिटरचे प्रश्न सोपे वाटले.

तरुण संघात माझ्याकडे नंतर हिशेब आला. आमचे खजिनदार काका बँकेतून निवृत्त. वडापावच्या बिलावरसुद्धा तारीख आणि सही मागायचे. आम्ही मागून हसायचो, पण चर्चच्या ट्रस्टचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या नियमात बसावा लागतो, हे त्यांनी एकदा फायली काढून समजावलं. व्हाउचर लिहायला, कीर्द घालायला मी कुठल्या क्लासात शिकले नाही. त्याच काकांनी आमच्यातल्या तिघाचौघांची मुलाखतीची तयारी करून घेतली, रविवारी दुपारी, वेस्ट्रीत (चर्चमधल्या पाळकांच्या खोलीत) पंख्याखाली. चर्चमध्ये नर्स, शिक्षक, रेल्वेवाले, महापालिकेतले असे सगळे एका छताखाली भेटतात. नोकरी मागू नका. काम कसं असतं ते विचारा. लोक भरभरून सांगतात.

हार्वेस्टचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा रविवार मात्र चुकवू नका. उपासनेनंतर लिलाव होतो. ठाण्यात कोणाचं शेत? पण लोक घरची केळी, भोपळा, कोंबडी, हाताने केलेला केक, बाल्कनीतल्या कुंडीतली मिरची आणतात. एका नारळावर दोन काका चढाओढीला लागले आणि जिंकलेल्याने तो नारळ परत लिलावात टाकला. तो दिवसभर फिरत राहिला.

आणि कॅरल, म्हणजे घरोघरी जाऊन म्हणायची नाताळची गाणी. डिसेंबरच्या मध्यापासून रोज संध्याकाळी ऑफिस सुटलं की आम्ही टेम्पोत. मागे ढोलकी, गिटार, पेटी आणि सांताच्या लाल कपड्यात घामाघूम झालेला एक जण. तो कोण होणार यावर दरवर्षी भांडण. कळव्यापासून मानपाड्यापर्यंत मंडळीची घरं विखुरलेली, आणि घोडबंदर रोडची ती वेळ. ट्रॅफिकमध्ये अडकलो की टेम्पोतच सराव. टॉवरच्या गेटवर वॉचमन विचारणार, ‘कुठला फ्लॅट? किती माणसं?’ वीस जणांच्या नोंदी रजिस्टरमध्ये करता करता तोही कंटाळायचा आणि शेवटी ‘जावा, पण आवाज कमी’ म्हणायचा. लिफ्टमध्ये पाच-पाच जण, वर पोचेपर्यंत ढोलकी एका लिफ्टमध्ये आणि ढोलकीवाला दुसऱ्या. मराठी भजनाच्या चालीवरची गीतं सुरू झाली की शेजारची दारं उघडायची. एका मजल्यावरच्या आजी, कपाळाला मोठं कुंकू, झांजा घेऊनच बाहेर आल्या. ठेका आमच्यापेक्षा पक्का. प्रत्येक घरी करंज्या, केक, चहा. तिसऱ्या घरानंतर नाही म्हणायचं कसं, हे सीनियर लोकांकडून शिका. मला शेवटपर्यंत जमलं नाही.

खोलीवर एकटीच तापाने पडले होते तेव्हा महिला मंडळाच्या काकूंनी पेज पाठवली, ऐरोलीपर्यंत. हे मी घरी सांगितलं नाही, आईने लगेच बोलावून घेतलं असतं. त्या काकूंनी मात्र सांगितलं.

आता थोडं सावधपणाचं. प्रार्थनेसाठी म्हणून सांगितलेली अडचण पुढच्या रविवारपर्यंत सगळ्यांना माहीत असू शकते. काय कोणाला सांगायचं ते ठरवा. परदेशात नोकरी लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर तो सुंदर प्रार्थना करतो हे त्याचं प्रमाणपत्र होत नाही. मुलींना लग्नाची स्थळं येणारच, हसून टाळता येतात. परीक्षा किंवा शिफ्ट असेल तेव्हा सरळ ‘या महिन्यात नाही जमणार’ म्हणा. ज्या मंडळीत एवढं म्हटल्यावर विश्वासावर शंका घेतात, तिथे फार काळ थांबू नये, असं माझं मत.

नोकरीत सामील होतानाच सुट्ट्यांची यादी बघा. 25 डिसेंबर बहुतेक ठिकाणी मिळतो, गुड फ्रायडे खासगी कंपनीत मिळेलच असं नाही. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना असते, आणि आमच्याकडे त्यातला एखादा उद्गार तरुणांना बोलायला देतात. नाव पुकारलं गेलं आणि तुम्ही लॅबमध्ये, असं व्हायला नको. रजा जानेवारीतच टाकून ठेवा.

आमचा तो ग्रुप आता पांगला. भाडी वाढली तसे कुणी बदलापूरला गेले, कुणी पनवेलला, दोघं परदेशात. मी लग्नानंतर खारघरला आले, इथली मंडळी लहान आहे. क्वायरला (चर्चच्या गायनवृंदाला) पुरुषांचे आवाज कमी पडतात, म्हणून नाताळच्या आधी ठाण्याहून दोघं टेनर (वरच्या पट्टीत गाणारे पुरुष) उसने आणतो. खारघर, बेलापूरकडे कुणी नवीन येत असेल आणि थोडंफार गात असेल, तर या. सराव शनिवारी संध्याकाळी असतो, चहा आमच्याकडे.