'मस्ट हॅव' की 'हॅड टू'? भूतकाळातली सक्ती सांगताना या चुका टाळा

'मला काल लवकर निघावं लागलं' हे इंग्रजीत सांगताना अनेक जण 'आय मस्ट हॅव लेफ्ट अर्ली यस्टरडे' म्हणतात. वाक्य व्याकरणात चोख बसतं, म्हणून चूक लक्षातच येत नाही. ऐकणाऱ्याला मात्र 'मी काल लवकर निघालो असणार' असं ऐकू येतं, जणू बोलणाऱ्यालाच नीट आठवत नाहीये! सक्तीच्या 'मस्ट'ला स्वतःचा भूतकाळ नाही. तिथे 'हॅड टू' वापरा: 'आय हॅड टू लीव्ह अर्ली'. 'मस्ट हॅव' राहू द्या अंदाजासाठी.

'हॅड टू'पुढे क्रियापद मूळ रूपातच येतं. 'हॅड टू वेंट' नाही, 'हॅड टू गो'. प्रश्न आणि नकार 'डिड' घेऊन करायचे: 'डिड यू हॅव टू गो?', 'आय डिडन्ट हॅव टू गो'. 'डिडन्ट हॅड टू' चूकच, कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच सांगितलेला असतो.

खरी गफलत पुढे आहे. 'आय शुड हॅव कॉल्ड हर' म्हणजे फोन करायला हवा होता, पण केला नाही. 'आय हॅड टू कॉल हर' म्हटलं की फोन झाला असंच समोरचा धरून चालतो. त्यामुळे राहून गेलेल्या कामाबद्दल दिलगिरी व्यक्त करताना 'हॅड टू' वापरलंत, तर ती दिलगिरी वाटतच नाही.

गरज नव्हती हे सांगायचेही दोन प्रकार आहेत. 'यू नीडन्ट हॅव वेटेड': तू थांबलास, पण ते उगाचच. 'यू डिडन्ट नीड टू वेट': थांबायची गरज नव्हती, थांबलास की नाही, ते संदर्भावरून कळतं. रोजच्या बोलण्यात दुसरं दोन्हीकडे चालून जातं. शंका असेल तर तेच वापरा.

मनाई सांगायला 'मस्टन्ट हॅव' नको. 'आत जायला परवानगी नव्हती' यासाठी 'वी वेअरन्ट अलाउड टू गो इन' हे सरळ आहे.

एक अपवाद: दुसऱ्याचं बोलणं सांगताना 'मस्ट' तसाच ठेवता येतो. 'शी सेड आय मस्ट वेट' बरोबर, 'शी सेड आय हॅड टू वेट'ही बरोबर. परीक्षेत वाक्य बदलून लिहायला सांगितलं असेल, तर बहुधा 'हॅड टू'चीच अपेक्षा असते.