टेलिमेडिसिनबद्दल डॉक्टर-नर्सना काय वाटतं, हे कसं मोजावं

टेलिमेडिसिन म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून दुरूनच रुग्ण तपासणं. ‘टेलिमेडिसिन आवडतं का?’ एवढंच विचारू नका. भिडेखातर ‘हो’ म्हटलं जातं आणि यंत्रणा धूळ खात पडते. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी 1989 मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकार प्रारूपातले दोन धागे धरा: ते उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का.

प्रत्येक धाग्यावर 4-5 विधानं लिहा, 1 (अजिबात पटत नाही) ते 5 (पूर्ण पटतं) गुण द्यायला सांगा. एका विधानात एकच गोष्ट हवी. ‘व्हिडिओ तपासणी सोपी आणि सुरक्षित आहे’ याला 2 गुण मिळाले, तर नेमकं काय खटकलं ते कळत नाही. काही विधानं उलटी ठेवा: ‘हात न लावता निदान करायची धास्ती वाटते.’ बेरजेआधी त्यांचे गुण 6 मधून वजा करा. हे राहिलं की सगळा निकालच फसतो.

नाव विचारू नका. पण विभाग, नेमकं वय आणि पद एकत्र विचारलं तरी छोट्या रुग्णालयात माणूस ओळखू येतो, मग उत्तरं गुळगुळीत येतात. वयाचे गट पुरेत.

आधी 8-10 जणांकडून ही प्रश्नावली भरून घ्या, अडलेले शब्द बदला.

डॉक्टर आणि नर्स यांची सरासरी वेगळीच काढा. डॉक्टरांना चुकीच्या निदानाची जबाबदारी छळते. रुग्णाला कॅमेऱ्यासमोर नीट बसवणं, तुटलेला कॉल पुन्हा जोडणं हे बहुधा नर्सच्या वाट्याला येतं. शेवटी दोन रिकाम्या ओळी ठेवा: ‘मागचा कॉल कुठे अडला?’ आमच्या मते सर्वात कामाची माहिती इथेच मिळते.